गर्भारपणातील साखर आणि बाळाचा मेंदू: कुटुंबाच्या ग्रुपवरील चर्चा

धाकट्या वहिनी: मावशी, माझी 26व्या आठवड्यातील ग्लुकोज चाचणी वाढीव आली आहे आणि ‘आईला मधुमेह असेल तर मूल स्वमग्न (ऑटिस्टिक) होते’ हा मजकूर ग्रुपवर वाचल्यापासून मन थाऱ्यावर नाही. त्यात कितपत तथ्य आहे?

मावशी (बालरोगतज्ज्ञ): तो मजकूर अर्धवट आहे. 2025 मध्ये 202 अभ्यासांचे एकत्रित विश्लेषण प्रसिद्ध झाले आणि अशा मातांच्या मुलांत मेंदूच्या विकासाशी निगडित अडचणींचा धोका 28 टक्क्यांनी अधिक आढळला, हे खरे आहे. पण याचा अर्थ शंभरातल्या 28 मुलांना त्रास होतो असा नव्हे. एरवी शंभरात 5 मुलांना होत असेल, तर तो सहा-सात मुलांना होईल, एवढाच. शिवाय सख्ख्या भावंडांची तुलना केली तेव्हा हा संबंध टिकला नाही, म्हणजे आनुवंशिकतेचा आणि घरच्या परिस्थितीचाही त्यात वाटा असावा.

दादा: मग साखर आटोक्यात ठेवल्याने नेमके काय साधते?

मावशी: पुष्कळ साधते. आईच्या रक्तातील ग्लुकोज वारेतून, म्हणजे गर्भाशयात बाळाला पोसणाऱ्या अवयवातून, बाळाकडे जाते, इन्सुलिन मात्र जात नाही. त्यामुळे बाळाचे स्वादुपिंड स्वतःच जादा इन्सुलिन तयार करते, बाळ प्रमाणाबाहेर वाढते, त्याची ऑक्सिजनची गरज वाढते, ती भागवायला तांबड्या पेशी वाढतात आणि त्यांत लोह खर्ची पडून मेंदूच्या वाट्याला ते कमी येऊ शकते. नाळ कापल्यावर आईकडून येणारी साखर थांबते, पण बाळाचे इन्सुलिन चढेच असते, म्हणून पहिल्या काही तासांत त्याची साखर फार उतरू शकते. तेव्हा जन्मल्याबरोबर टाचेतून रक्त घेऊ लागले तर कुणीही अडवू नये, अशी माझी कळकळीची विनंती आहे.

धाकट्या वहिनी: डॉक्टरांनी इन्सुलिन सुचवले आहे, त्याने बाळाला अपाय तर होणार नाही ना?

मावशी: नाही, ते वार ओलांडत नाही, सांगितलेल्या मात्रेत निर्धास्तपणे घे. प्रसूतीनंतर साखर बहुधा उतरते, तरी 6 ते 12 आठवड्यांनी तुझी चाचणी पुन्हा व्हायलाच हवी, कारण पुढे कायमचा मधुमेह होण्याची शक्यता तुला इतरांपेक्षा बरीच अधिक राहील. बाळाच्या धावपळीत नेमकी हीच तपासणी राहून जाते.

दादा: त्या चाचणीची जबाबदारी माझ्याकडे राहील, मावशी, आणि तो मजकूर मी आत्ताच ग्रुपवरून काढून टाकतो.