मदत हवी आहे : मैदानाचं आरक्षण बदलण्यावर हरकत कशी घ्यायची?
नमस्कार मंडळी. परळला आमच्या चाळीशेजारचा भूखंड मुंबईच्या २०३४पर्यंतच्या विकास आराखड्यात खेळाच्या मैदानासाठी राखीव आहे. प्रत्यक्षात पत्र्याचं कुंपण आणि आत गंजलेला टेम्पो. पोरांचं क्रिकेट गल्लीतच, महिन्याला एक काच ठरलेली. आता कानावर आलंय की आरक्षण बदलणार. एमआरटीपी कायदा (महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना कायदा), १९६६च्या कलम ३७ खाली 'किरकोळ फेरबदल' करायचा तर आधी हरकती-सूचना मागवाव्या लागतात, एवढं ठाऊक आहे. (मैदान जाणं किरकोळ कसं, देव जाणे!) नोटीस राजपत्रात येते, पण ते रोज कोण चाळणार? लक्ष ठेवायची सोपी वाट आहे का? डीपी रिमार्क (भूखंडावर काय आरक्षण आहे ते सांगणारा पालिकेचा दाखला) काढलाय, हरकतीला आणखी काय जोडू? आणि सगळ्यांच्या सह्यांचा एकच अर्ज करावा की घरटी वेगळी हरकत? कुणी हे निस्तरलं असेल तर सांगा.