फुटला, फोडला की फुटू दिला?

प्रश्न : युगोस्लाव्हियावरच्या एका लेखाचे मराठी करतो आहे. 'फाळणी' लिहू की 'विघटन'? लेखाचा भर बाहेरच्या सत्तांनी काय केले यावर आहे.

उत्तर : 'फाळणी' नको. फाळणी म्हटली की कुणीतरी नकाशा पुढ्यात घेऊन रेघ ओढलेली असते. १९४७पासून हाच अर्थ आपल्या मनात बसला आहे. युगोस्लाव्हियात मात्र संघराज्यातल्या प्रजासत्ताकांच्या जुन्या सीमाच नव्या देशांच्या सरहद्दी ठरल्या.

'विघटन' चालेल, पण तो तिथला कायद्याचा आणि भांडणाचा शब्द आहे. बेलग्रेडचे, म्हणजे सर्बियाच्या राजधानीचे, म्हणणे असे, की स्लोव्हेनिया आणि क्रोएशिया ही प्रजासत्ताके 'फुटून निघाली', म्हणजे मूळ देश शिल्लक आहे. युरोपीय समुदायाने नेमलेल्या बादँतेर आयोगाने २९ नोव्हेंबर १९९१ला मत दिले, की संघराज्याचेच विघटन चालू आहे. मग वारसा सांगायला मूळ देश कुठला? सर्बिया-मॉन्टेनिग्रोला अखेर २०००मध्ये संयुक्त राष्ट्रांचे सदस्यत्व नव्याने घ्यावे लागले.

प्रश्न : 'विघटन' फार अलिप्त वाटते हो. साखर विरघळावी तसे. सरळ 'फोडला' लिहिले तर?

उत्तर : तुमची बोच खरी आहे. पण 'फोडला' लिहिलेत की १९८९मध्ये कोसोवो प्रांताची स्वायत्तता काढून घेणारा सर्बियाचा नेता मिलोशेविच सुटतो. नुसते 'फुटला' लिहिलेत तर जर्मनी सुटतो. आयोग मान्यतेच्या अर्जांवर मत देण्याआधीच, २३ डिसेंबर १९९१ला, बॉनने, म्हणजे जर्मन सरकारने, स्लोव्हेनिया आणि क्रोएशियाला मान्यता जाहीर केली. क्रोएशियाच्या अल्पसंख्याकांविषयीच्या तरतुदी अपुऱ्या आहेत असे आयोगाने जानेवारीत सांगितले, तरी १५ तारखेला समुदायानेही मान्यता दिली.

बोस्नियाला मात्र मी तिसरे रूप वापरेन : 'फुटू दिला'. सप्टेंबर १९९१ची संयुक्त राष्ट्रांची शस्त्रपुरवठ्यावरची बंदी कागदावर सर्वांना सारखी होती, पण जुन्या युगोस्लाव्ह लष्कराच्या तोफा बोस्नियातल्या सर्ब फौजांकडे गेल्या आणि सारायेव्होतले बोस्नियाचे सरकार जवळजवळ रिकाम्या हाताने लढत राहिले. हात बांधून ठेवणे हीसुद्धा कृतीच आहे, आणि आपले 'देणे' हे साहाय्यक क्रियापद ती नेमकी पकडते.

म्हणून शीर्षकात 'विघटन' ठेवा आणि आत प्रसंगागणिक क्रियापद बदला. आणखी एक : बोस्नियातल्या स्रेब्रेनित्सा गावाचा उल्लेख येईल तिथे 'सुरक्षित क्षेत्र' या शब्दांची अवतरणचिन्हे काढू नका. संयुक्त राष्ट्रांनी दिलेल्या त्या नावाखाली जुलै १९९५मध्ये आठ हजारांवर पुरुष आणि मुलगे मारले गेले.