मॉन्ट्रियाल कॅनेडियन्सचे २४ कप : 'फ्रेंच खेळाडू आधी आमचे' या नियमाची कमाई?

गोलपोस्ट :
मॉन्ट्रियाल कॅनेडियन्स या आइस हॉकी क्लबचा इतिहास वाचायला घेतलाय, दोन ठिकाणी अडलोय. एनएचएल (उत्तर अमेरिकेची मुख्य आइस हॉकी लीग) सुरू झाली १९१७ साली आणि यांचा पहिला स्टॅन्ली कप, म्हणजे तिच्या विजेत्याला मिळणारा चषक, १९१६ चा, हे कसं? दुसरं, प्रतिस्पर्धी टोरांटो क्लबवाले हटकून म्हणतात की क्युबेकच्या फ्रेंच खेळाडूंवर यांचा पहिला हक्क होता म्हणून २४ कप झाले. असा नियम खरंच होता का? आणि त्यातून नेमके कोण हाती लागले?

निळी_रेघ :
पहिलं सोपं आहे. क्लब एनएचएलपेक्षा जुना आहे. अ‍ॅम्ब्रोज ओब्रायन यांनी ४ डिसेंबर १९०९ ला तो काढला, तेव्हा लीग होती एनएचए, म्हणजे एनएचएलच्या आधीची. गंमत म्हणजे ओब्रायन इंग्रजी बोलणारे, पण संघ मुद्दाम फ्रेंच ठेवला, म्हणजे मॉन्ट्रियालचा फ्रेंच प्रेक्षक तिकीट काढेल. स्टॅन्ली कप त्या काळी एका लीगचा नव्हता. पूर्वेचा विजेता आणि पश्चिम किनाऱ्याचा विजेता त्यासाठी भिडत. १९१६ ला कॅनेडियन्सनी पोर्टलंड रोझबड्सना मालिकेत ३-२ असं हरवलं. म्हणून हिशेब एनएचएलआधीचा १ अधिक एनएचएलमधले २३.

जर्सीवरच्या 'सीएच'मधला 'एच' हॉकीचा आहे. तो 'हॅबिटन्ट'चा (क्युबेकचे जुने फ्रेंच शेतकरी), ही चुकीची समजूत. 'हॅब्ज' हे टोपणनाव मात्र 'हॅबिटन्ट'वरूनच आलं. १९१७-१८ च्या आधी तिथे 'सीए' होतं.

सी_फॉर्म :
नियम होता, पण त्याचा जेवढा गवगवा होतो तेवढा त्यात दम नव्हता.

१९६३ ला ड्राफ्ट सुरू झाला, म्हणजे क्लबांनी पाळीपाळीने नवे खेळाडू निवडायची पद्धत. तेव्हापासून १९६९ पर्यंत कॅनेडियन्सना इतरांच्या आधी दोन फ्रेंच-कॅनेडियन खेळाडू उचलायची मुभा होती. मेख अशी की तो खेळाडू आधीच कुणाशी बांधलेला नसावा. आणि चांगली पोरं बांधलेलीच असत. एनएचएलचे क्लब ज्युनियर संघ पोसायचे आणि पोरांकडून कोवळ्या वयातच 'सी फॉर्म'वर सही घ्यायचे. सही झाली की व्यावसायिक हॉकीपुरता तो पोरगा त्या क्लबचा. ड्राफ्टला उरायचा तो गाळ, म्हणून पहिल्या वर्षी सहा क्लबांनी मिळून फक्त २१ जण निवडले.

मॉन्ट्रियालने ही मुभा वापरली शेवटी शेवटी. १९६८ ला गोलरक्षक मिशेल प्लास आणि रोजे बेलील. बेलील एनएचएलमध्ये एकही सामना खेळला नाही. १९६९ ला रेजां उल आणि मार्क तार्दिफ, हे दोघे मात्र कामाचे निघाले. पुढच्याच वर्षी, म्हणजे नियम गेल्यावर, क्युबेकचा मोठा खेळाडू जिल्बेर पेरो बफेलोला गेला. तोवर मॉन्ट्रियालचे १६ कप झाले होते!

खरी यंत्रणा क्लबचे व्यवस्थापक फ्रँक सेल्कींची. ते १९४६ ला टोरांटोहून आले (टोरांटोवाल्यांनी याची नोंद घ्यावी) आणि ज्युनियर संघांचं जाळं देशभर विणलं. १९५६ ते १९६० सलग पाच कप त्याचेच. त्या संघात रिशार, बेलिव्हो, जॉफ्रियॉन, प्लान्ट होते, तसेच डग हार्वी आणि डिकी मूर हे मॉन्ट्रियालचे इंग्रजी घरातले. प्रशिक्षक टो ब्लेक ऑन्टारिओचे.

बेलिव्होचं प्रकरण तर वेगळंच. तो क्युबेक सिटीत 'हौशी' म्हणून खुशाल खेळत होता. व्यावसायिक झाला तरच मॉन्ट्रियालचा, असा कागद होता, आणि तो होईना. मग १९५३ ला कॅनेडियन्सनी त्याची अख्खी क्युबेक सीनियर लीगच विकत घेऊन व्यावसायिक करून टाकली. झक मारत सही करावी लागली.

गोलपोस्ट :
आभार. पण यांचा क्युबेकचा स्टार गी लाफ्लर १९७१ च्या ड्राफ्टचा, म्हणजे नियम संपल्यावरचा. कपविजेत्या संघाला निवडीचा पहिला क्रमांक मिळालाच कसा?

सी_फॉर्म :
तेव्हाचे व्यवस्थापक सॅम पोलॉक. मे १९७० मध्ये त्यांनी ओकलंडच्या सील्सना अर्नी हिकी आणि स्वतःची १९७० ची पहिल्या फेरीतली निवड दिली. बदल्यात फ्रान्स्वा लाकोंब आणि सील्सची १९७१ ची पहिल्या फेरीतली निवड घेतली. तळाच्या संघाची निवड पहिली असे, म्हणून सील्स तळाला गेले की लाफ्लर मॉन्ट्रियालचा.

पुढची कथा सगळे चवीने सांगतात : सील्सऐवजी लॉस एंजलिस किंग्ज तळाला जाऊ लागले, म्हणून पोलॉकनी जानेवारी १९७१ ला आपल्या राल्फ बॅकस्ट्रॉमला तिकडे धाडून त्यांना वर उचललं. ट्रेड, म्हणजे खेळाडूंची ती अदलाबदल, खरी आहे. पण शेवटचा तक्ता बघा : सील्स ४५ गुण, डेट्रॉइट ५५, किंग्ज ६३. अठरा गुणांचा फरक एकट्या बॅकस्ट्रॉममुळे पडला असं मानणं कठीण. शिवाय त्याला स्वतःलाच मॉन्ट्रियाल सोडायचं होतं.

निळी_रेघ :
+१. आणि लाफ्लरच्या नादात त्याच ड्राफ्टमधला विसावा क्रमांक विसरू नका : लॅरी रॉबिन्सन, बचावपटू, ऑन्टारिओचा. १९७६-७७ ला संघ ८० सामन्यांत ६० जिंकला, ८ हरला, १२ बरोबरीत. त्या हंगामात रॉबिन्सनचा प्लस-मायनस (तो मैदानात असताना संघाने केलेल्या आणि खाल्लेल्या गोलांतला फरक) होता +१२०. विसाव्या क्रमांकापर्यंत तो सगळ्यांना खुला होता.