एका टीव्हीवर दोघांची टक्कर: जुन्या शूटर गेमची जोडणी

चवथीला मूळ घरी सगळे जमले की टीव्हीसमोर जोड्या लागतात. एकाच पडद्यावर दोघे एकमेकांवर नेम धरणार, तर दोघांच्या हातातलं साधन सारखं हवं. नाहीतर डाव खेळाडू नाही, यंत्र जिंकतं. गोव्यातला दमटपणा आणि जाणारी वीज धरून काय बिघडतं, का, आणि काय केल्यावर चालतं, ते खाली गोव्यातल्या एकेका गावाच्या नावाखाली पाहू.

म्हापसा
सुरुवात ‘कॉम्बॅट’ने करा. १९७७ साली अटारी २६०० या टीव्हीला जोडायच्या गेम यंत्राबरोबर आलेला हा गेम, एकूण २७ प्रकार, आधी रणगाडे आणि मग विमानं. डाव २ मिनिटं १६ सेकंदांचा, त्यामुळे रांगेतल्या पोरांना ताटकळावं लागत नाही. रणगाड्याला मागे येता येत नाही, म्हणून कोपऱ्यात घुसलेला नवखा हमखास मार खातो. मोठा विरुद्ध लहान असेल तर मोठ्याच्या बाजूचं डिफिकल्टी (अवघडपणाचं) बटण ‘ए’वर ठेवा, त्याच्या गोळीचा पल्ला कमी होतो. लॅपटॉपवर ‘स्टेला’ इम्युलेटरमध्ये (अटारीची नक्कल करणाऱ्या प्रोग्राममध्ये) एफ१ दाबून प्रकार निवडायचा, एफ२ दाबून डाव सुरू करायचा.

फोंडा
एका कीबोर्डवर दोघे खेळणार असाल तर हे आधी वाचा. साध्या कीबोर्डमध्ये बटणं आडव्या-उभ्या तारांच्या जाळीवर असतात. या जाळीतल्या एखाद्या चौकोनाचे तीन कोपरे एकदम दाबले गेले की चौथं बटण दाबलंय की नाही हे कीबोर्डला कळत नाही, म्हणून तो ते गिळून टाकतो. परिणाम असा की एकजण वळताना गोळी झाडतो आणि दुसऱ्याचा रणगाडा जागीच अडतो. तपासायला नोटपॅड उघडा, एकाने डब्ल्यू आणि डी धरून ठेवावं, दुसऱ्याने आपली अक्षरं दाबावीत. एखादं उमटलं नाही तर ती जोडी बदला. गोळीसाठी डावं आणि उजवं कंट्रोल द्या, बहुतेक कीबोर्डांत त्यांची तार वेगळी असते. शिफ्ट नको: पाचदा दाबली की विंडोजची स्टिकी कीजची खिडकी मध्येच उघडते. सर्वांत सोपा उपाय म्हणजे यूएसबीचा दुसरा कीबोर्ड. दोघांची जाळी वेगळी झाली की भांडण मिटलं.

कळंगुट
किनाऱ्याजवळ खरा शत्रू खारी हवा. जुन्या अटारी जॉयस्टिकमध्ये आतल्या सर्किटच्या पट्टीवर धातूच्या छोट्या टोप्या असतात; त्यांच्याखाली हिरवट थर चढला की एक दिशा मेली म्हणून समजा. आधी मल्टिमीटर (वीज तपासायचं यंत्र) बीपवर ठेवून लावा: नऊ पिनांच्या सॉकेटमध्ये ८ नंबर सामाईक, १ ते ४ अनुक्रमे वर, खाली, डावी, उजवी आणि ६ गोळीची. ८ आणि ६ वर टोकं धरून बटण दाबलं की बीप यायला हवा. बीप तुटक आला तर पट्टी आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा आणि पूर्ण सुकल्याशिवाय बंद करू नका. सँडपेपर अजिबात नको, तांबं झिजतं. खेळ संपल्यावर जॉयस्टिक डब्यात, ओल शोषणाऱ्या सिलिका जेलच्या पुड्यांसह झाकून ठेवा.

मडगाव
एलसीडी टीव्हीवर गेम मोड (पडद्याचा उशीर कमी करणारी सेटिंग) चालू करा. पडद्याचा उशीर दोघांना सारखाच लागतो, त्यामुळे तो अन्याय नाही, फक्त गोळी चुकवणं मंद वाटतं. खरा अन्याय एकाला वायरलेस आणि दुसऱ्याला तारेचा कंट्रोलर दिला की होतो.

डिचोली
जॉयस्टिक आणि बटणं बसवायचा लाकडी खोका स्वतः बनवणाऱ्यांसाठी. साधं प्लाय पावसाळ्यात फुगतं आणि बटणं अडकतात. मरीन प्लाय घ्या आणि कापलेल्या कडांनाही वॉर्निश मारा. १२ मिलिमीटर जाडीच्या फळीत दाबून बसवायची बटणं धरत नाहीत, आटेवाली ३० मिलिमीटरची आणा. दोन्ही खेळाडूंना एकसारखे यूएसबी एन्कोडर (बटणांच्या तारा यूएसबीला जोडणारी पाटी) लावले की रास्पबेरी पाय (हा गेम चालवणारा छोटा संगणक) कधीकधी पहिला-दुसरा उलटा धरतो. दोन्ही सॉकेटवर रंगीत टेप लावा आणि वायर नेहमी त्याच जागी ठेवा. वीज अचानक गेली की मेमरी कार्ड खराब होऊ शकतं, म्हणून सगळं बसवून झाल्यावर रास्पबेरी पायच्या रास्पी-कॉन्फिग या सेटिंगमध्ये ओव्हरले फाइल सिस्टम (कार्डावर काही न लिहिण्याची सोय) चालू करा. मात्र नवा गेम टाकायचा असेल तेव्हा आधी ती बंद करा, नाहीतर रीस्टार्टनंतर तो दिसणारच नाही.