सीताबर्डीचा किल्ला आणि नागपूरजवळच्या लढायांच्या जुन्या जागा : सल्ला हवा

वर्धारोडवासी
नमस्कार मंडळी. मुलगी नववीत आहे, मराठे-इंग्रज युद्धांनी झपाटली आहे. बर्डीवरून जाताना दर वेळी विचारते, "बाबा, वर काय आहे?" मी जन्माचा नागपूरकर, पण वर कधी गेलोच नाही. ओस पडलेले किल्ले, छावण्या, जिथे खरंच लढाई झाली अशा जागा सुचवा. दिवाळीत एक मुक्काम करू शकतो.

महालचा गडी
भाऊ, बर्डीचा किल्ला ओस नाही, तिथे लष्कर आहे. आपल्यासाठी २६ जानेवारी, १ मे आणि १५ ऑगस्टला उघडतो. ओळखपत्र सोबत ठेवा, फोटोआधी पहाऱ्यावरच्या जवानाला विचारा.

पण त्यासाठी थांबू नका. किल्ला इंग्रजांनी लढाईनंतर बांधला. २६ नोव्हेंबर १८१७ च्या संध्याकाळी इथे नुसत्या दोन टेकड्या होत्या, एक मोठी, एक लहान, एकमेकींच्या बंदुकीच्या टप्प्यात. त्यांवर ईस्ट इंडिया कंपनीची पलटण, खाली नागपूरचे राजे आप्पासाहेब भोसल्यांची फौज. रात्रभर गोळीबार झाला. सकाळी आप्पासाहेबांच्या अरब शिपायांनी लहान टेकडी घेतली. लढाई जवळजवळ आपल्या हातात होती हो! मग इंग्रजांच्या घोडदळाने मैदानात मुसंडी मारली, लहान टेकडीवर अरबांच्याच मधोमध दारूगोळा उडाला, आणि त्या गोंधळात टेकडी गेली. तो धूर डोळ्यांपुढे आणायचा तर बर्डीच्याच टेकडीवरच्या टेकडी गणपतीच्या मंदिरात जा, दर्शन घ्या आणि तिथला चढ नीट पाहा. मंदिरात शेकडो वेळा गेलेल्या माणसालाही तो चढ तेव्हा वेगळा दिसतो. मला दिसला.

मेळघाटची माहेरवाशीण
मुक्काम करणार असाल तर दादा, गाविलगडच. चिखलदऱ्याला राहा, किल्ला तिथून जवळ. खरा ओस किल्ला हाच. १५ डिसेंबर १८०३ ला आर्थर वेलस्लीने घेतला, तोच पुढे वॉटर्लूला नेपोलियनला हरवणारा वेलिंग्टन. दक्षिणेचा चढ उभा, म्हणून खरा हल्ला उत्तरेकडून झाला. वेलस्लीच्या जोडीचा इंग्रज सेनानी स्टीव्हन्सन, त्याच्या माणसांनी जड तोफा डोंगर-जंगलातून ओढत आणल्या. बाहेरचा तट फुटला तरी आतला उभाच होता, तो शिड्या लावून चढले. किल्लेदार बेनीसिंग लढताना पडला. मुलीला शार्दूल दरवाजावरचा गंडभेरुंड, म्हणजे दोन डोक्यांचा काल्पनिक पक्षी दाखवा, पंज्यांत हत्ती धरलेला. गवतात पडलेल्या तोफांवर हात ठेवून पाहू द्या, उन्हात चटका बसतो. किल्ला व्याघ्र प्रकल्पात आहे, पाणी न्या, दिवस मावळायच्या आत उतरा.

कन्हानकाठ
कामठीची छावणी १८२१ ची, पण ती आजही चालती आहे. रस्त्याने जाताना पाहा, कॅमेरा किंवा ड्रोन काढू नका. सोनेगावला, म्हणजे आपल्या नागपूरच्या विमानतळावर, दुसऱ्या महायुद्धात इंग्रजांच्या रॉयल एअर फोर्सची विमानं उतरत, हे मुलीला नक्की सांगा.

वर्धारोडवासी
सगळ्यांचे मनापासून आभार. काल टेकडी गणपतीला गेलो. लेक प्रदक्षिणा सोडून कठड्याशी उभी राहिली, स्टेशनकडे बघत. म्हणाली, "अरब इकडूनच चढले का?" महालचे दादा, याचं उत्तर तुम्हीच द्या. गाविलगडचं नक्की केलंय, परतवाड्याहून घाट संध्याकाळी चढलेला चालेल का?

मेळघाटची माहेरवाशीण
नको दादा, उजेडातच चढा. पहाटे निघा, दुपारपर्यंत पोचाल.