सामुराईंचा दरबारी पोशाख कोणत्या कापडाचा असे?

सुईदोरा: आमच्या हौशी नाट्यसंस्थेच्या नाटकात जपानच्या एदो काळातील (१६०३–१८६८) दरबाराचा प्रवेश असून सामुराईंचे पोशाख शिवण्याचे काम माझ्याकडे आले आहे. मी चकचकीत साटीन आणण्याच्या बेतात होते. परंतु खांद्यांवर पंखांसारखे ताठ उभे राहणारे ते वस्त्र साटीनचे असेल असे वाटत नाही. ते नेमके कशाचे असे?

निऱ्या: साटीन मुळीच आणू नका. आपण म्हणता त्या पोशाखाला कामिशिमो म्हणतात: वर बिनबाह्यांचे कातागिनु, खाली निऱ्यांचा हाकामा, दोन्ही एकाच कापडाचे. हे कापड बहुधा झाडाच्या सालीपासून काढलेल्या धाग्याचे, म्हणजे रॅमीचे किंवा हेंपचे असे. ते मुळातच ताठर असते. पुढे पुढे खांद्यांत देवमाशाच्या जबड्यातील लवचीक पट्ट्याही घालू लागले. त्यावरील नक्षी मात्र पाहण्यासारखी आहे. इसे प्रांतात हातकागदाचे थर पर्सिमन या फळाच्या रसाने चिकटवून त्यांना बारीक भोके पाडत. त्या कागदातून तांदळाची खळ कापडावर ओढली, की रंगवल्यानंतर खळीखालचे ठिपके पांढरे उरत. किशू प्रांतावर राज्य करणाऱ्या तोकुगावा घराण्याची नक्षी शार्कच्या कातडीसारखी होती. दहा पावलांवरून असे कापड साधे करडे दिसते, तेव्हा रंगमंचासाठी ठिपके छापण्याचा खटाटोप करू नये, हे माझे मत.

अस्तर: वरील उत्तराला एक पुस्ती जोडतो. आतला कोसोदे, म्हणजे आखूड बाह्यांचा किमोनो, पुष्कळदा रेशमी असे, त्यामुळे रेशीम अगदीच हद्दपार होते असे नाही. खरी हौस मात्र चिलखतावर घालायच्या जिनबाओरी या अंगरख्यात दिसते. कोबायाकावा हिदेआकी या सरदाराची लालभडक जिनबाओरी तोक्योच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे; ती लोकरीची, म्हणजे आपल्याकडची बनातच, आणि पाठीवर एकमेकांना छेदणारे दोन विळे. सोळाव्या शतकातील जपानचा सत्ताधीश हिदेयोशी याची तर इराणी गालिचा कापून शिवलेली असून ती क्योतोच्या कोदाइजी मंदिरात जपलेली आहे. आपल्याकडची छापील चीटही पोर्तुगीज आणि डच जहाजांतून तिकडे पोहोचली. तिला जपानीत ‘सारासा’ म्हणतात.

सुईदोरा: आभारी आहे. मग मांजरपाट करडा रंगवून त्याला कडक कांजी केली, तर चालेल का?

निऱ्या: उत्तम चालेल. खांद्यांत प्लास्टिकची पट्टी घाला आणि कुलचिन्ह छातीच्या दोन्ही बाजूंना, पाठीवर व हाकाम्याच्या मागच्या पाटीवर पांढऱ्या रंगात काढा; ते विसरलात, तर प्रेक्षकांना कोण कोणत्या घराण्याचा हे कळणार नाही.