अनुभव धागा: एकमेकांत बसून शिकलेलं

एकट्यानं पाठ केलेलं पुष्कळ असतं, ते इथं नको. चारजण जमल्यावर, आधी कुणालाच पुरतं माहीत नसलेलं काय हाती लागलं, ते लिहा. सुरुवात मी करते. सोलापुरात विजापूर रोडच्या अभ्यासिकेत आम्ही सहाजणी राज्यसेवेची तयारी करायचो. नोट्स ज्याच्या त्याच्या, पण चुकांची वही एकच. चाचणीत काय चुकलं आणि का, हे आपल्या हातानं तिथं लिहायचं. दोन महिन्यांनी दिसलं, निम्म्याहून जास्त चुका 'अयोग्य विधान कोणते' याच प्रश्नांत होत्या. एकटीच्या वहीत ते दिसलं नसतं.

सांगोल्याहून
डाळिंबावर तेल्या रोग आला तेव्हा जो तो गुपचूप फवारत होता. बागेत रोग आहे हे सांगायचीच लाज. मग आम्ही नऊजणांनी ठरवलं, दर रविवारी एकाच्या बागेत शिवारफेरी, लपवाछपवी नाही. केगावच्या डाळिंब संशोधन केंद्रात जाऊन आलेल्यानं सांगितलं, तेल्या बुरशी नव्हे, जिवाणू आहे. पावसाच्या थेंबांनी पसरतो, तसा छाटणीच्या कात्रीनंही. तेव्हा एकजण सगळ्यांदेखत बोलला, छाटणीची टोळी माझ्याकडून तुमच्या चार बागांत गेली, त्याच कात्र्या घेऊन. तारखा लावून बघितल्या. टोळी ज्या क्रमानं फिरली, त्याच क्रमानं डाग दिसले होते. असं कबूल करायला छाती लागते, मला आजही त्याचा आदर वाटतो. आता झाड बदललं की कात्री सोडियम हायपोक्लोराइटच्या पाण्यात बुडते, आणि आमच्यातल्या बहुतेकांनी पावसाळ्यात फुलणारा मृग बहार सोडून पाऊस सरताना फुलणारा हस्त बहार धरलाय.

अक्कलकोट रोडवरून
चादरीच्या कारखान्यात मी जेकार्ड शिकलो, म्हणजे मागावर नक्षी उठवणारं यंत्र. त्याच्या पुठ्ठ्याच्या पत्त्यात भोक असेल तिथं ताण्याचा, म्हणजे उभा, धागा उचलतो, नसेल तिथं खालीच राहतो. एवढं पहिल्या दिवशी कळलं. पण चादरीवरच्या मोराची मान दर वेळी तुटायची. कारखान्यातल्या मावशी तेलुगू बोलायच्या, फिटर कन्नड, मी मराठी. 'दारम' म्हणजे धागा, हा माझा पहिला तेलुगू शब्द. मावशी कापडावरच्या ओळी मोजून चुकलेली ओळ सांगायच्या, मी त्या ओळीचा पत्ता काढायचो, फिटर धागा उचलणारा हूक बघायचा. भोकं सगळी बरोबर होती. पत्त्यांची माळ ओवताना दोन पत्ते मागंपुढं झाले होते.

हिप्परगा तलावावरून
पाणकाठचा पक्षी दिसला की ठिपकेवाली तुतवार की हिरवी तुतवार, यावर आमचा वाद व्हायचा. बसलेल्या पक्ष्यावरून प्रत्येकजण वेगळं सांगायचा. एका मुलीनं उडताना पंखाखाली बघायला लावलं: हिरवीचा पंख खालून काळपट, ठिपकेवालीचा फिकट. आता वाद झाला की पक्षी उडेपर्यंत सगळे गप्प बसून राहतो.